भाग चार कोण बघतंय, याची चौकशी

आपली वाडी, तालुका राजापूर, जिल्हा रत्नागिरी
(पत्ता तुला माहीत आहे, पण पोस्टाच्या पत्रात वर काहीतरी लिहावं लागतं.)
वर्षावासातला दुसरा रविवार, दुपार

चि. प्रथमेश यास,

काकाचा जयभीम. आधी लहानांनी करायचा की मोठ्यांनी, यावरून तुझे बाबा आणि मी एकदा चांगले भांडलो होतो. तेव्हा तू केलासच असं धरून मी उत्तर देऊन टाकलेलं आहे. चि. सौ. दीप्तीलाही सांग. इकडे सगळे ठीक. तुझ्या आईचे गुडघे पावसात कुरकुरतात, पण ती कुरकुरत नाही. काकूचा खोकला गेला आणि तोच मला आला. माझी साखर डॉक्टरच्या मते वाढली आहे आणि माझ्या मते नाही, त्यामुळे सध्या आमचं बोलणं बंद आहे. तुझी तब्येत कशी आहे? तू त्या गार खोल्यांतून आत-बाहेर करतोस तेव्हा कानाला काहीतरी बांधत जा असा आईचा निरोप आहे. साहेब मंडळी कानाला काही बांधत नाहीत हे मी तिला सांगून बघितलं. ती म्हणाली, त्यांच्या आया सांगत नसतील.

आता मुद्द्याचं. मंगळवारी तू फोन केलास. आवाज चढलेला होता, पण तो कामाचा चढ होता, घरचा नव्हता, म्हणून मी मनावर घेतलं नाही. तू दोन गोष्टी विचारल्यास. पहिली, आपल्या वाडीतून तुमच्या ॲपवर दिवसभर एकच व्हिडिओ कोण बघतंय. दुसरी, रत्नागिरीत ज्या खोलीत तुमचं यंत्र ठेवलंय तिथला एसी कोणी बंद केला. मी म्हटलं, चौकशी करून कळवतो. राजापूर स्टँडावर वाहतूक नियंत्रक म्हणून माझी सगळी नोकरी झाली. तिथं हे एक वाक्य बोललं की निम्मं काम होतं, कारण विचारणारा निघून जातो. तू निघून जाणाऱ्यातला नाहीस हे ओळखून मी चौकशी खरोखरच केली. चौकशीअंती असं आढळलं की दोन्ही प्रकरणांत चौकशी करणारा इसमच सापडतो. तो एकटा नव्हता, पण पुढे तोच होता.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तू फोनवर दर तिसऱ्या वाक्याला मीटिंग आहे म्हणतोस, आणि माझा मुद्दा चौथ्या वाक्याला येतो. व्हॉट्सॲपवर आवाज भरून पाठवावा तर तो आवाजही कुठल्यातरी डेटा सेंटरात जाऊन बसणार आणि त्याला गार ठेवायला वीज जाळावी लागणार, असं तूच आम्हाला शिकवलंयस. कागदाला काही लागत नाही. पोस्टमनला चहा लागतो, तो काकू देते.

तुझ्या पडद्यावर त्या व्हिडिओचं नाव 'विहार उद्घाटन सोहळा, भाग ४' एवढंच दिसत असणार. म्हणून आधी हे सांगतो. भाग एक म्हणजे ध्वजारोहण आणि वंदना. भाग दोन पाहुण्यांची भाषणं. भाग तीन अध्यक्षीय भाषण (माझं). भाग चार आभारप्रदर्शन, आणि आभार मानले ग्रामशाखेच्या चिटणीसांनी. म्हणजे भिकूदादाने. म्हणजे तुझ्या बाबांनी. तू तेव्हा पुण्याला परीक्षेत होतास, त्यामुळे ते तू ऐकलं नाहीस, आणि नंतर बघितलंही नसशील, कारण आभारप्रदर्शन मुद्दाम कोण बघतो? आम्ही समोर होतो, आम्हीच ऐकलं नाही. अर्धी सभा जेवणाच्या पंगतीकडे गेली होती आणि उरलेली अर्धी चपला शोधत होती. दादा जाऊन आता वर्ष उलटलं. त्याचे फोटो आहेत, पण सगळ्या फोटोंत तो उन्हाकडे बघितल्यासारखा डोळे बारीक करून उभा आहे. चालता-बोलता दादा एवढ्या एकाच ठिकाणी आहे. अयूबने तो त्याच्या मोबाइलवर काढला होता (अयूब म्हणजे राजापूरच्या बाजारातला मोबाइलवाला, दादाचा दोस्त, तुला लहानपणी बॅटरीचे सेल फुकट द्यायचा तो). तो मोबाइल पुढे जेटीवरून खाडीत पडला. तुमच्या ॲपवरचं ग्रामशाखेचं खातं दादाने उघडलं होतं आणि पासवर्ड दादाबरोबर गेला, त्यामुळे प्रत उतरवून घेता येत नाही. म्हणजे तो आता फक्त तुमच्या डेटा सेंटरात आहे, दुसरीकडे कुठेही नाही. एवढं लक्षात घे आणि मग काय रागवायचं ते रागव.

मे महिन्यात तुझा सत्कार झाला तिथून हे सुरू झालं. कंपनीने तुला वीज वाचवायच्या कामाचा प्रमुख केलं म्हणून ग्रामशाखेने तुला शाल आणि संविधानाची प्रत दिली, आणि मी म्हटलं की बापाने पोफळीच्या वीजघरात डोंगराच्या पोटात बसून वीज केली, मुलगा ती वाचवतोय, घराण्याचं काम दोन्ही बाजूंनी पुरं झालं. (टाळ्या पडल्या. तू बघितलंस.) मग तू समजावून सांगितलंस. मला जसं समजलं तसं लिहितो, म्हणजे चूक कुठे झाली ते तुला सापडेल. लोक मोबाइलवर जे बघतात ते आभाळात नसतं, इमारतीत असतं. तिथं यंत्रं रात्रंदिवस चालतात आणि तापतात, म्हणून त्यांना एसी लावायचा. म्हणजे तापायलाही वीज आणि निवायलाही वीज. (काकू म्हणाली, मग आधी तापवायचं कशाला. मी तिला गप्प केलं, पण पुढे तू तेच म्हणालास, तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं.) त्यातले बहुतेक व्हिडिओ कोणी बघतच नाही, तरी त्यांच्यासाठी डिस्क फिरत राहतात. म्हणून तू अशी व्यवस्था केलीस की जे खूप बघितलं जातं त्याची प्रत बघणाऱ्याच्या जवळच्या शहरात ठेवायची, दर वेळी नवी मुंबईहून आणायला नको. आणि जे कित्येक महिने कोणी उघडलं नाही ते अशा डिस्कवर हलवायचं की जी बंद करून ठेवता येते. तू शब्द वापरलास, झोपवायचं. कोणी मागितलं तर उठवायचं, थोडा वेळ लागतो एवढंच. इथवर सगळ्यांना पटलं. मग धाकूने हात वर केला (आपला खजिनदार, त्याला प्रत्येक सभेत एक शंका असतेच) आणि विचारलं, झोपलेल्याला कोणी उठवलंच नाही तर पुढे काय? तू म्हणालास, ते कंपनी पुढे ठरवेल. हे वाक्य तू पाण्याचा घोट घेता घेता बोललास, पण ऐकणाऱ्यांनी तसं ऐकलं नाही.

तू गेल्यावर दुसऱ्या दिवशी तुझी आई आमच्या पडवीत येऊन बसली. सुंदरावहिनी कारणाशिवाय आमच्याकडे बसत नाही, उभ्या उभ्या बोलून जाते. तिने मोबाइल माझ्यापुढे केला आणि विचारलं, भावोजी, ह्यांचा भाग चार किती जणांनी बघितला ते इथं लिहिलेलं असतं ना? असतं. अकरा. त्या अकरांतली बरीचशी ती स्वतःच असणार हे मला कळलं आणि तिलाही कळलं. मी म्हटलं, प्रथमेशला फोन लावतो, त्याच्या हातातलं काम आहे. ती नाय म्हणाली. म्हणाली, पोराला ह्याच कामाची बढती मिळाली, आणि पहिली आडकाठी आईची? नियम मोडला तर कचेरीत तोंड कसं दाखवील, आणि नाय मोडला तर घरी कसा येईल? मला हे बोलणं पटलं नाही. मग मी म्हटलं, वहिनी, प्रश्न बघण्याचाच आहे ना, मग आपण बघू. जो व्हिडिओ रोज बघितला जातो त्याला कोण झोपवील? मला हा उपाय फार सुटसुटीत वाटला. स्टँडावर गाडी सुटू नये असं वाटलं तर एक माणूस पायरीवर उभा राहतो, तितका सुटसुटीत.

ग्रामशाखेची तातडीची बैठक बोलावली. अडचण अशी की तुझ्या सत्काराच्याच सभेत आपण ठराव केला होता, सभासदांनी व्हिडिओ बघणं निम्म्यावर आणावं. सूचक मी, अनुमोदक धाकू. आता त्याच महिन्यात दुसरा ठराव, सर्व सभासदांनी भाग चार रोज बघावा. सूचक मीच. धाकू उठला आणि म्हणाला की एकाच सूचकाने दोन उलटे ठराव मांडलेले त्याने आजवर बघितले नव्हते, आणि पहिला रद्द केल्याशिवाय तो दुसऱ्याला अनुमोदन देणार नाही. पहिला रद्द कसा करणार? तो तुझ्या देखत झाला होता, त्याचा फोटो तू कंपनीतही दाखवला होतास. मग मी तोड काढली. भाग चार बघताना घरातले दिवे आणि पंखे बंद ठेवायचे. म्हणजे तुमच्याकडे जी जास्त वीज जाईल ती इकडे वाचेल आणि दोन्ही ठराव पाळल्यासारखे होतील. धाकूने अनुमोदन दिलं. परिणाम असा झाला की मे महिन्याच्या उकाड्यात आपली अख्खी वाडी पंखे बंद करून, घाम पुसत, आभारप्रदर्शन बघत बसली. (मुंबई शाखेला आम्ही कळवलं नाही. कळवलं की ते उपसमिती नेमतात.)

बघायचं कोणी कधी, यासाठी नवीन काही करावं लागलं नाही. विहार झाडायची पाळी घराघराने ठरलेली आहेच. ज्या घराची झाडायची पाळी त्या घराने त्या दिवशी भाग चारही लावायचा, असं जोडून दिलं. पहिले काही दिवस आकडा हलेना. अयूबला विचारलं तर तो म्हणाला, एकाच मोबाइलवर एका दिवसात पुन्हा पुन्हा लावलं तर ॲप त्याला एकच धरतं, वेगवेगळे मोबाइल पाहिजेत. मग पाळी घराची न राहता मोबाइलची झाली. पुढे लावणी सुरू झाली आणि वेगळीच भानगड. मोबाइल बांधावर ठेवून दिला तरी व्हिडिओ आपला आपण चालायला पाहिजे ना? पण तुमचं ॲप अधूनमधून विचारतं, अजून बघताय का? आणि बोट लावल्याशिवाय पुढे जात नाही. सगळ्यांची बोटं चिखलाची. मग एकाने चिखलातून बाहेर यायचं, हात धुवायचे, पुसायचे, बोट लावायचं आणि परत चिखलात. हे ज्याने बसवलंय तो तुझ्या ओळखीचा असेल तर त्याला सांग, पावसाळ्यात तरी विचारू नका.

पण प्रथमेश, झालं असं की लावून ठेवलेलं कानावर पडतंच, आणि आम्ही ऐकायला लागलो. दादाने काय आभार मानलेत! ज्यांनी वर्गणी दिली त्यांचे, ज्यांनी देतो म्हटलं त्यांचे, आणि ज्यांनी दिली नाही पण आडवेही आले नाहीत त्यांचेही. जांभ्या चिऱ्यांचा ट्रक उलट्या गियरमध्ये चढ चढवला त्या ड्रायव्हरचे, आणि त्या वेळी मागून नुसतं येऊ दे, येऊ दे ओरडला त्याचे वेगळे. अयूबचे, लाऊडस्पीकर दिला म्हणून, आणि मागे अयूबचा आवाज येतो, अरे पुरे की. धाकूचे आभार त्याने दिलेल्या पहारीबद्दल होते. धाकूने ते पहिल्यांदा लावणीच्या बांधावर ऐकलं, तसाच आमच्याकडे आला आणि म्हणाला, ती पहार मला परत मिळालेलीच नाही. शोधली तर आमच्याच पडवीमागे निघाली. माझेही आभार आहेत, अध्यक्षांनी भाषण वेळेत आटोपलं म्हणून. माझं भाषण पाऊण तास चाललं होतं. दादा सगळ्यांसमोर चिमटा काढत होता आणि मी तिथेच खुर्चीत बसून मान डोलावत होतो, हे मला आता कळलं. व्हिडिओत माझी मान दिसते.

दिवसभरात कुठल्या ना कुठल्या दारातून दादाचा आवाज यायला लागला. विहिरीवर जाताना चिऱ्यांचे आभार, येताना पाण्याच्या टँकरचे. एकदा मी वहिनीला रस्त्यात उभी असलेली बघितली. हातात कळशी, आणि पुढे जाईना. मला वाटलं गुडघा धरला. जवळ गेलो तर म्हणाली, काही नाय, ह्या घरी आता वायरमनचे आभार चाललेत, ते झाले की जाते. मला दादाची आठवण येते रे. एरवी मी हे बोललो नसतो, पण विषय निघाला म्हणून लिहिलं.

आता जे झालं ते आमच्या हाताबाहेर झालं असं माझं म्हणणं आहे. आकडा वाढला तसं तुमच्या ॲपने आपलं आपण ठरवलं की रत्नागिरी जिल्ह्यात हे गाजतंय आणि भाग चार पहिल्या पानावर नेऊन ठेवला. मग बाहेरचे लोक बघायला लागले. नांदेडहून कोणीतरी खाली लिहिलं, आमच्या गावचेही आभार माना. कोणा मास्तरांनी लिहिलं की आभारप्रदर्शन कसं असावं हे मुलांना दाखवण्यासारखं आहे, आणि त्याखाली दुसऱ्याने लिहिलं, कसं नसावं तेही. (दुसऱ्याला मी उत्तर लिहिलं होतं. अयूबने ते पुसायला लावलं.) तुझ्या व्यवस्थेने तिचं काम चोख केलं, रत्नागिरीत प्रत ठेवली, मग कोल्हापुरात, मग पुण्यात, नांदेडलाही म्हणे. ज्याला आम्ही नुसतं जागं ठेवायला निघालो होतो तो चार शहरांत फिरायला लागला. तुझ्या साहेबांनी तुला विचारलं, वीज कमी करायला सांगितली तर एका आभारप्रदर्शनापायी चार ठिकाणी का जळतेय, आणि तू मला फोन केलास. साहेबांचा प्रश्न योग्य आहे.

पहिलं प्रकरण संपलं. दुसरं, एसीचं. रत्नागिरीत प्रत आली असं अयूबने सांगितलं तेव्हा मला राहवेना. नवी मुंबई लांब, पण रत्नागिरी काय, सकाळच्या गाडीने जाऊन दुपारच्या गाडीने परत. अयूबने पत्ता काढला. एका केबलवाल्याच्या ऑफिसवर माडीवर खोली, तिथं नितेश म्हणून माणूस सांभाळायला. मी सांगितलं, मी प्रथमेशचा काका, पोफळीच्या भिकूदादांचा भाऊ. दुसऱ्याशी त्याचा काही संबंध नव्हता, पण पहिलं ऐकून त्याने दार उघडलं. (त्याला काही बोलू नकोस. तुझं नाव घेतल्यावर कोणीही उघडलं असतं.) चपला बाहेर काढल्या. आत गारठा असा की माझी दाढ दुखायला लागली, आणि आवाज गिरणीचा. मी विचारलं, यातला कुठला? त्याने एका कपाटातला एक खोका दाखवला, हिरवे दिवे लुकलुकत होते. मी जयभीम दादा म्हटलं. मोठ्याने म्हणायचं नव्हतं, पण त्या आवाजात हळू म्हटलेलं मलाच ऐकू येईना. नितेशने विचारलं, कोण दादा? मी म्हटलं, काही नाही.

निघताना बघितलं तर खोलीत माणूस कोणी नाही आणि ट्यूबलाइट जळतेय. आमच्या घरात माणूस नसलेल्या खोलीत दिवा जळत ठेवायची सोय कधी नव्हती, पोफळीहून दादा सुट्टीला आला की आधी घरभर फिरून दिवे बंद करायचा आणि मग पाणी प्यायचा. माझा हात आपोआप बटणाकडे गेला. दोन बटणं होती. पहिलं दाबलं, ट्यूब गेली नाही. दुसरं दाबलं, ट्यूब गेली. मला वाटलं पहिलं बिघडलेलं असणार. ते एसीचं होतं. दोन्ही तसंच ठेवून मी खाली आलो, नितेशबरोबर चहा घेतला, आणि राजापूरची गाडी पकडली. इकडे मी गाडीत निवांत आणि तिकडे तुझ्या मोबाइलवर भोंगे वाजतायत, हे मला तू सांगितल्यावर कळलं.

आता याची दुसरी बाजूही बघ. नितेशला मी नंतर फोन केला. तो म्हणतो, खोली दुपारभर तापत होती, पण यंत्र काही थांबलं नाही, व्हिडिओ चालूच होते, फक्त तुमचा भोंगा वाजला, कारण भोंगा एका ठरलेल्या आकड्यावर बांधलेला आहे. म्हणजे तेवढ्या गारठ्याची यंत्राला गरजच नव्हती, तो आकडा कोणीतरी एकदा ठरवला आणि बाकीचे तो पाळत बसले. हे तू आणखी दहा खोल्यांत करून बघ (बटण न दाबता, तुमच्या रीतीने). भाग चारपायी जेवढी गेली त्याच्या कितीतरी पट वाचेल. साहेबांना सांगताना माझं नाव नाही घेतलंस तरी चालेल. घेतलंस तर पूर्ण घे, अनिलकाका एवढंच नको.

तर चौकशीचा निष्कर्ष. वाडीतली पाळी आज सकाळपासून बंद केली आहे. धाकूने ठराव रद्द करायचा ठराव मांडला, मी अनुमोदन दिलं. आता विनंती. विनंती ग्रामशाखेची आहे, घरची नाही, म्हणून तुझ्यावर भीड नाही. नियमात बसत असेल तर भाग चार तुमच्याकडे जागा राहावा. चार शहरांत नको, एकाच ठिकाणी, कोपऱ्यात का होईना. नियमात बसत नसेल तर तसं मला लिही, आईला लिहू नकोस, मी बघतो कसं सांगायचं ते. तुला अडचण झाली याचं वाईट वाटतं. पण खरं सांगतो, पुन्हा तसाच प्रसंग आला तर मी पुन्हा तेच करीन, फक्त बटण एकच दाबीन.

प्रकृतीला जप. काकूने आमसुलं बांधून ठेवली आहेत, कोणी येणारं-जाणारं असेल तर कळव.

तुझा काका,
अनिल
(अध्यक्ष, ग्रामशाखा. हे सवयीने लिहिलं गेलं.)

ता. क. भाग तीन, म्हणजे अध्यक्षीय भाषण, यालाही थोडेफार बघणारे आहेत असं दिसेल. ते सगळे मीच. तो खुशाल झोपवा. दादाच्या शेजारी जागा असेल तर तिथं, नसेल तरी हरकत नाही.

दुसरा ता. क. पाकीट बंद करायच्या आधी हे पत्र वहिनीला वाचून दाखवलं. तिला न विचारता विनंती लिहिली म्हणून ती आधी रागावली. मग म्हणाली, विनंती खोडा. (मी खोडलेली नाही, दोन पानं परत लिहावी लागली असती. पण ती खोडली असं समज.) तिचं म्हणणं तिच्याच शब्दांत लिहितो. झोपवतात तर झोपवू देत. हाक मारल्यावर उठतात ना, मग झालं. थोडा वेळ लागतो म्हणे. ह्यांना पहिल्या हाकेला उठलेलं मी तरी कधी बघितलं नाय. मी म्हटलं, वहिनी, आणि वाडीतून आवाज यायचा तो? ती म्हणाली, तो आता सगळ्यांना पाठ झालाय, धाकूभावोजी चिऱ्यांचे आभार गुणगुणत फिरतात.

तिसरा ता. क. हे तिने मी उठल्यावर, दारापर्यंत येऊन सांगितलं, आणि लिहाच म्हणाली. भाग चार झोपवायचा तर तो प्रथमेशने स्वतःच्या हाताने झोपवावा, दुसऱ्या कोणाला सांगू नये. आणि त्याआधी त्याने एकदा बसून पुरा बघावा. पुरा म्हणजे पुरा. त्यात शेवटी दादा वीजवाल्यांचे आभार मानायला लागतो आणि तेवढ्यात वीज जाते. पडदा काळा होतो, लोक हसतात, भांड्यांचा आवाज येतो. आम्ही सगळे तिथं संपलं समजून बंद करत होतो, मीसुद्धा, इतक्या वेळा. वहिनी म्हणाली, संपत नाय, अंधारात ते पुढं बोलतात. काय बोलतात ते तिने मला सांगितलं नाही, आणि मी अजून लावलेलं नाही, कारण ती म्हणाली आधी पोराला ऐकू दे. तेव्हा अंधार झाला म्हणून तू बंद करू नकोस.